गाडी काय म्हणते, ते सांग

भोईवाड्यात कुणी ‘रेसला चाललोय’ म्हटलं की समोरच्याला अजूनही महालक्ष्मीचे घोडेच आठवतात. मोटारींच्या रेसला जायचं तर मुंबईतून हजाराहून जास्त किलोमीटर खाली उतरावं लागतं. कोइम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा, अरुंद आणि वळणावळणांचा. चेन्नईबाहेर इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे. उत्तरेला ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, २०११मध्ये फॉर्म्युला वनसाठी बांधलेलं. मुंबईच्या वाट्याला भाड्याने गो-कार्ट चालवायचे ट्रॅक आले. त्यातला वडाळ्याचा आमच्या भोईवाड्यापासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर. तिथे शंभर पोरं गाडी फिरवतात, त्यातलं एखादं हट्टाला पेटतं, आणि मग त्याच्या घरच्यांचा आणि आमच्यासारख्यांचा प्रवास सुरू होतो.

मी मुंबईच्या एका छोट्या टीमबरोबर बरीच वर्षं सिंगल-सीटरच्या राष्ट्रीय स्पर्धेला जात आलोय. सिंगल-सीटर म्हणजे उघड्या चाकांची, एकाच माणसापुरती जागा असलेली गाडी. मुलांची नावं इथे घेणार नाही, टीमचंही नाही. मुलं तेव्हा शाळा-कॉलेजात होती आणि यातले बरेच किस्से त्यांच्या घरचे आहेत.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं किती जोरात चालवतं यावर सगळं ठरत असेल. जोरात तर सगळीच चालवतात, नाहीतर इथपर्यंत आलीच नसती. आम्ही पिटमधले, म्हणजे ट्रॅकशेजारी गाडी सांभाळणारे लोक दुसरंच काहीतरी बघत असतो. गाडीतून उतरल्यावर, हेल्मेट काढल्यावर, पहिल्या दोन मिनिटांत हा मुलगा आम्हाला काय सांगतो? माझ्या मते हंगाम तिथे जिंकला किंवा घालवला जातो.

सुरुवात होते सीटपासून. या गाड्यांत तयार सीट चालत नाही. कारण वळणावर शरीर जरा जरी सरकलं तरी मुलगा स्टिअरिंगला लटकतो, आणि लटकलेल्या हातांना गाडी कळत नाही. म्हणून सीट त्याच्या अंगावर ओतायची. प्लास्टिकची मोठी पिशवी गाडीच्या सांगाड्यात पसरायची, त्यावर मुलाला पूर्ण कपड्यांत बसवायचं, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. मग दोन रसायनं एकत्र करून पिशवीत ओतायची. फेस फुगत जातो, गरम होतो, पाठीला, बरगड्यांना, कमरेला चिकटून वर चढतो. दहा-पंधरा मिनिटं हलायचं नाही. घट्ट झालं की बाहेर काढायचं, हॅकसॉ ब्लेडने कडा कापायच्या, वरून टेप गुंडाळायची.

एका हंगामात जूनमध्ये ओतलेली सीट सप्टेंबरमध्ये त्या मुलाला बोचायला लागली. तो काहीच बोलला नाही. त्याच्या वेळा मात्र घसरत होत्या, आणि त्याच्या वडिलांनी इंजिनावर संशय घ्यायला सुरुवात केली. शेवटी त्याच्या आईने सांगितलं, ‘अहो, याची शाळेची पँट दोनदा उसवून लांब केली आम्ही.’ सोळा वर्षांचं पोर उंच होत होतं. गुडघे स्टिअरिंगला लागत होते, आणि डावीकडे वळवताना तो नकळत हात आखडता घेत होता. आम्ही पेडल पुढे सरकवले, सीट नव्याने ओतली. दुसऱ्या दिवशी तो पूर्वीसारखा चालवू लागला. आमचे कोच त्याला बाजूला घेऊन एवढंच म्हणाले, ‘दुखतं हे सांगणं ही तक्रार नसते रे. ती माहिती असते.’

वजनाचीही अशीच गंमत. नियमात गाडी आणि ड्रायव्हर मिळून कमीत कमी वजन ठरलेलं असतं. पोरगं हलकं असलं की शिशाच्या पट्ट्या बोल्टने तळाला आवळायच्या. एका मुलाची आई प्रत्येक फेरीला डब्यातून साजूक तुपातल्या पोळ्या आणि बेसनाचे लाडू आणायची, आणि आमचा फिटर दर फेरीला एक पट्टी काढायचा. तिला कळल्यावर तिला फार आनंद झाला. खरं तर आम्हाला पट्टी हवी असते, कारण शिसं आपल्याला हवं तिथे, अगदी खाली लावता येतं. पोटातला लाडू हवा तिथे लावता येत नाही. पण ते तिला कुणी सांगितलं नाही.

गाडी तोलायची पद्धत बघण्यासारखी असते. चार चाकांखाली चार वजनकाटे ठेवायचे, मुलगा आत बसवायचा, टाकीत रेसइतकं पेट्रोल. मग काट्यांवरचे आकडे तिरके जुळवायचे, पुढचं डावं आणि मागचं उजवं मिळून किती, पुढचं उजवं आणि मागचं डावं मिळून किती. टेबलाचा एक पाय आखूड असला तर ते कोपऱ्यावर डुगडुगतं, तशीच गाडीही एका बाजूच्या वळणात छान जाते आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात घसरते. पिटमधली फरशी कधीच सपाट नसते, म्हणून काट्यांखाली पत्र्याचे पातळ तुकडे सरकवत आधी जमीन सपाट करायची. स्प्रिंगखालची चकती पाव फेरा फिरवली की चारही आकडे हलतात. हे काम रात्री करावं लागतं, कारण दिवसा गाडी ट्रॅकवर असते. आणि मुलाला आत बसायचं असतं, तेव्हा त्याची झोप झालेली नसते. ज्या मुलाला गाडी कळायला हवी, त्याने या वेळी आत बसून आकडे कसे हलतात ते बघावं, असा आमचा आग्रह असतो. काही मुलं बघतात. काही फोन बघतात.

गाड्या नेणं हा वेगळाच अध्याय. लॉरीत दोन-तीन गाड्या चाकं काढून फळ्यांवर बांधलेल्या, वर सुटी चाकं, ट्रॉली जॅक, वेल्डिंग मशीन, तंबूचे पाइप. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर करत सेलममार्गे कोइम्बतूर. सीमेवरच्या नाक्यावर दर वेळी तोच प्रश्न, ‘गाडीचा नंबर काय?’ नंबर नसतो. आरसी नसते. या गाडीला दिवे नाहीत, हॉर्न नाही, ही रस्त्यावर चालतच नाही, हे रात्री दोन वाजता पोलिसाला पटवून द्यायचं. आमचा लॉरीचा ड्रायव्हर साताऱ्याकडचा, त्याच्याकडे उपाय होता. तो ताडपत्री उचलून इन्स्पेक्टरला आत बसायला सांगायचा. एकदा एक साहेब खरंच बसले, आणि त्यांना बाहेर काढायला दोघांना हात द्यावा लागला. त्यानंतर त्यांनी चहा मागवला आणि मुलाचं वय विचारलं. सोळा म्हटल्यावर म्हणाले, ‘याचं तर लायसनच होत नाही!’ रस्त्यावर मोटार चालवायचं खरंच होत नाही. ट्रॅकसाठी भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचं वेगळं लायसन लागतं आणि ते त्या वयातही मिळतं.

या प्रवासात कोल्हापूर लागतं, आणि त्याचा मला अभिमान आहे. मराठी मुलखात या खेळाचं सगळ्यात पक्कं मूळ तिथे आहे. मोहिते रेसिंगने तिथे कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या तिथे झाल्या, त्यांच्या गाड्या सिंगल-सीटरच्या राष्ट्रीय स्पर्धेतही उतरल्या. कोल्हापूरचाच कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत पोचला. फाउंड्री आणि लेथचं गाव आहे ते. जिथे लोखंडाला हात लावणारी माणसं असतात तिथे हा खेळ रुजतो, असं माझं मत आहे.

कोइम्बतूरही तसंच. गिरण्यांचं, पंपांचं, ओतकामाचं गाव. तिथल्याच एस. करीवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन घेऊन भारतात बांधलेली स्वस्त सिंगल-सीटर तयार केली. तोवर हौशी लोक चेन्नईजवळच्या शोलावरमच्या जुन्या, युद्धकाळातल्या धावपट्टीवर मिळेल ती गाडी पळवत होते. साध्या घरातल्या मुलाला फॉर्म्युला गाडीत बसण्याची वाट करीवर्धननी मोकळी केली. १९९५मध्ये ते विमान अपघातात गेले. करी स्पीडवे हे नाव त्यांचंच. नारायण कार्तिकेयन याच गावचा, सुरुवातीला याच मारुतीच्या गाड्या चालवलेला, आणि २००५मध्ये जॉर्डन टीमच्या गाडीत बसून फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय झालेला. आजच्या पोरांची पहिली पायरीही अजून मारुतीच्या इंजिनावरच चालते, १३०० सीसीच्या.

त्या इंजिनांवर आयोजकांचं सील असतं. उघडलं तर बाद. सगळ्यांची इंजिनं सारखी असावीत म्हणून ही सोय, पण तरी पॅडॉकमधला, म्हणजे टीमच्या तंबूंच्या आवारातला, सगळ्यात मोठा विषय इंजिनच. ‘त्यांचं इंजिन वेगळं आहे’ हे वाक्य मी प्रत्येक फेरीत, प्रत्येक तंबूत ऐकलं आहे. बोलणारे बहुतेक वडील असतात. त्यांना दोष देता येत नाही. घर गहाण टाकून, धंद्यातून पैसा काढून त्यांनी मुलाला इथे आणलेलं असतं. पोर मागे पडतंय याचं कारण पोरात आहे, हे त्यांना ऐकवत नाही.

एका वडिलांनी हट्टच धरला की इंजिन तपासायला द्या. आम्ही त्यांना लॅपटॉपसमोर बसवलं. गाडीतल्या, वेग नोंदवणाऱ्या लॉगरची रेघ, आणि त्याच गाडीत आमच्या अनुभवी ड्रायव्हरने काढलेल्या फेरीची रेघ, एकावर एक. सरळ रस्त्यावर दोन्ही तंतोतंत. मग ट्रॅकवरच्या सगळ्यात वेगवान उजव्या वळणाआधी मुलाची रेघ खाली वाकत होती, दुसरी तशीच सपाट जात होती. वडील रेघेकडे बघत राहिले. मुलगा मागेच उभा होता. तो म्हणाला, ‘पप्पा, तिथे मागची चाकं सुटतील असं वाटतं मला. भीती वाटते.’

त्या तंबूत त्या दिवशी कुणीच त्याला शूर व्हायला सांगितलं नाही. आमचे कोच उलट खूश झाले, कारण आता काम करण्यासारखं काहीतरी हातात आलं होतं. ‘कुठे सुटतील असं वाटतं? वळायला लागल्यावर, का गॅस दिल्यावर?’ तो म्हणाला, वळायला लागल्यावर. म्हणजे ब्रेक सोडताना. आम्ही गाडीचा मागचा भाग थोडा मऊ केला, मागच्या टायरमधली हवा जराशी कमी केली, आणि त्याला सांगितलं, ब्रेकवरून पाय एकदम काढू नकोस, हळूहळू उचल. दुपारच्या सत्रात रेघ पूर्वीइतकी वाकली नाही. वडिलांनी इंजिनाचं नाव पुन्हा काढलं नाही. मला त्या मुलापेक्षा त्यांचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी ट्रॅक रिकामा झाला की कोच सगळ्या मुलांना पायी फिरवायचे. एक कागद, त्यावर ट्रॅकचा आकार, आणि प्रत्येक वळणाला तीन रकाने. शिरताना, मध्ये, बाहेर पडताना. गाडी काय म्हणते ते लिहायचं. ‘चांगली आहे’ किंवा ‘वाईट आहे’ लिहिलेलं ते खोडायचे. सुरुवातीला सगळे रकाने रिकामे असतात. हंगामाच्या मध्यापर्यंत एखाद्याच्या कागदावर ‘चौथ्या वळणात कर्बवर चाक गेलं की स्टिअरिंग हलकं पडतं’ असं येतं, आणि आम्हाला कळतं की हा पुढे जाईल.

हे मी आमच्या छोट्या टीमच्या अनुभवावरून म्हणतो, पण वरच्या पायऱ्यांवरही तेच दिसतं. मुंबईचा जेहान दारुवाला घ्या. मुंबईचेच रयोमंद बनाजी, स्वतः अनेक वर्षांचे विजेते, मुलांना तयार करतात. जेहान त्यांच्या रयो रेसिंगमधून कार्टिंगला लागला. २०११मध्ये फॉर्म्युला वनमधल्या फोर्स इंडिया टीमने देशभरातून मुलं शोधली, तेव्हा निवडलेल्या तिघांत तो होता. मग इंग्लंड, २०१३मध्ये ब्रिटनमधलं ज्युनिअर कार्टिंगचं विजेतेपद, २०१७मध्ये युरोपियन फॉर्म्युला थ्रीत जर्मनीच्या नॉरिसरिंगवर जिंकणारा पहिला भारतीय, २०१९मध्ये जागतिक फॉर्म्युला थ्रीत तिसरा. २०२०मध्ये फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला टूत, कार्लिन टीमच्या गाडीत, रेड बुलच्या ज्युनिअर संघातून, टीममेट युकी त्सुनोदा.

त्या हंगामाच्या सुरुवातीला तो पात्रता फेरीत पुढे असायचा आणि रेस सुरू होताच मागे पडायचा. फॉर्म्युला टूत क्लच हाताने, स्टिअरिंगमागच्या पट्टीने सोडायचा असतो. ट्रॅक्शन कंट्रोल नाही. बोटाची हालचाल केसभर इकडेतिकडे झाली की चाकं नुसती फिरतात किंवा गाडी गचके खाते. अशा वेळी टीम काय करते? प्रत्येक सत्राच्या शेवटी सरावाचे स्टार्ट, क्लचच्या नोंदी, आणि पुन्हापुन्हा एकच प्रश्न, बोटाला नेमकं काय जाणवलं. ६ डिसेंबर २०२०ला बहरीनच्या साखीरला, छोट्या बाहेरच्या ट्रॅकवर, पहिल्या वळणाआधीच तो मिक शूमाकर आणि डॅन टिक्टम यांच्याशी भिडला आणि पुढे निघाला. शेवटपर्यंत पुढेच राहिला. आताच्या फॉर्म्युला टू मालिकेतला तो भारतीयाचा पहिला विजय. शूमाकर त्याच दिवशी त्या हंगामाचा विजेता ठरला. टीव्हीवर त्याचंच नाव जास्त दिसलं. आम्ही मात्र जेहानचा तो स्टार्ट पुन्हापुन्हा बघितला.

त्याच्या पुढचं गणित मुलांच्या आईबापांना मी नेहमी कागदावर मांडून दाखवतो. फॉर्म्युला वनमध्ये चालवायला सुपर लायसन लागतं, त्याला तीन वर्षांत ४० गुण. फॉर्म्युला टूत पहिल्या तिघांना थेट ४० मिळतात. सातव्याला ८. जेहान २०२१ला सातवा, २०२२ला पुन्हा सातवा. २०२२मध्ये मॉन्झाची मुख्य रेस त्याने जिंकली, त्याच वर्षी मॅक्लारेनने त्याला सिल्व्हरस्टोनला फॉर्म्युला वनची गाडी चालवायला दिली. तरी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही. पुढे तो फॉर्म्युला ईत, मासेरातीच्या गाडीत गेला. आणि फॉर्म्युला टूच्या एका हंगामाचा खर्च वीस कोटींच्या घरात आणि त्याच्याही पुढे जातो. हे ऐकून काही आईबाप पहिल्याच वर्षी थांबतात. मला ते बरं वाटतं, कारण अर्ध्या हंगामात पैसे संपलेल्या मुलाचा चेहरा मी बघितला आहे.

गणपतीतली एक फेरी सांगायलाच हवी. आमच्या टीममध्ये निम्मी पोरं परळ-लालबागची, त्यामुळे गणपतीत फेरी आली की मंडळात आणि तंबूत दोन्हीकडे रुसवेफुगवे. त्या वर्षी शनिवारच्या रेसमध्ये आमचा मुलगा दुसऱ्याच्या चाकावर चढला आणि पुढची सस्पेंशनची त्रिकोणी भुजा वाकली. सुटी होती ती आधीच वापरलेली. वाकलेली नळी सरळ करून लावायची नाही, हा आमचा नियम. दिसायला सरळ झाली तरी आतून ती थकलेली असते आणि पुढच्या ब्रेकला तुटू शकते. नवीच बनवायची होती.

कोइम्बतूरला गणपती नावाचाच भाग आहे, छोट्या वर्कशॉपांनी भरलेला. तिथे एका अण्णांनी रात्री शटर वर केलं. आमच्या लालबागच्या फिटरला तामिळ येत नाही, अण्णांना हिंदी नाही. फिटरने दुसऱ्या बाजूची चांगली भुजा एका जाड पत्र्यावर ठेवून खुणा पाडल्या, उलट बाजू आखली, त्यावर टोकं धरायला ठोकळे वेल्ड केले. अण्णांनी नळी कापून तिची तोंडं माशाच्या तोंडासारखी घासली, म्हणजे जोडावर फट राहत नाही. व्हर्नियर एकमेकांच्या हातात देत, बोटाने आकडा दाखवत काम चाललं. मध्ये फिटरच्या मंडळातल्या मित्राने व्हिडिओ कॉल लावला आणि आरती सुरू झाली. अण्णांनी ग्राइंडर बंद केला, चप्पल काढली आणि आरती संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले.

मुलगा त्या रात्री हॉटेलवर गेला नाही. ऑइलच्या ड्रमवर बसून होता. पहाटे तो फिटरला म्हणाला, ‘दादा, त्याने मला जागा दिलीच नव्हती. मी तरी घुसलो.’ रेसनंतर स्टुअर्ड्सपुढे, म्हणजे रेसच्या पंचांपुढे, त्याने वेगळंच सांगितलं होतं. सकाळी त्याने जाऊन त्या दुसऱ्या मुलाची माफी मागितली. रविवारी आम्ही मागच्या रांगेतून सुटलो आणि मधल्या फळीत संपलो. गुण फारसे आले नाहीत. भुजा मात्र हंगामभर टिकली.

त्याच मुलाने हंगामाच्या शेवटच्या रेसमध्ये चौथ्या नंबरवर असताना गाडी पिटमध्ये आणली. वडील भडकले, कारण गाडी बाहेरून ठीक दिसत होती. तो म्हणाला, ‘ब्रेक मारताना मागून एक ठक् असा आवाज येतो. गेल्या तीन फेऱ्या येतोय.’ आम्ही कव्हर काढलं. इंजिन धरून ठेवणारा एक बोल्ट तुटला होता आणि दुसऱ्याला चीर गेली होती. आणखी दोन-तीन फेऱ्यांत इंजिन निखळलं असतं, आणि मागून येणारी पोरं त्यावर आदळली असती.

पुढच्या वर्षी त्याच्या घरचे पैसे संपले. तो इंजिनिअरिंगला गेला. मुंबई-पुण्याच्या अनेक कॉलेजांत मुलं स्वतः सिंगल-सीटर बांधतात आणि जानेवारीत फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी करी स्पीडवेवरच जातात. तिथे चाकाला चाक लावून रेस नसते. ७५ मीटरची धाव, आठाच्या आकड्यात फिरणं, २२ किलोमीटरची टिकाव परीक्षा, आणि परीक्षकांसमोर प्रत्येक बोल्टचा हिशेब. आमचा मुलगा तिथे सस्पेंशन सांभाळतो. दोन आठवड्यांपूर्वी त्याचा फोन आला. त्यांचा ड्रायव्हर प्रत्येक सत्रानंतर ‘मस्त चाललीये’ एवढंच म्हणतो, त्याच्याकडून नीट माहिती कशी काढायची, असं विचारत होता. मी त्याला कोचचा तीन रकान्यांचा कागद व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला.